मारण्याजोगा माणूस

खलफ दंदरावीच्या बापाला तेलघाण्याच्या खांबाआडून गोळी घातली तेव्हा खलफ नऊ वर्षांचा होता आणि बापाच्या दोन पावलं पुढं चालत होता. मानेवर काहीतरी ऊन ऊन सांडलं म्हणून तो चिडून मागं वळला. त्याला वाटलं, बापानं चहा सांडला. बाप गुडघ्यांवर बसला होता आणि दोन्ही हातांनी स्वतःचा गळा दाबून धरत होता. हे खलफनं मला सांगितलं ते समोरासमोरच्या टेबलांवर आम्ही अकरा वर्षं काढल्यावर, आणि तेही जेवताना, तोंडात भाकरी आणि जुन्या चीजचा घास असताना. माझा घास हातातच राहिला. तो मात्र निवांत चावत होता.

मी इस्मत. कैरोत जन्मले, कैरोतच मरेन. भुयारी रेल्वेच्या नकाशांच्या कचेरीत एकवीस वर्षं रेघा ओढल्या. माझं तोंड फाटकं आहे हे मला ठाऊक आहे, नवरा मरताना शेवटचं वाक्य तेच बोलून गेला. पण त्या तोंडानं मी एका माणसाचा जीव घेईन असं त्यालाही वाटलं नसेल.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती मला कोणी वेळेवर सांगितली नाही. दक्षिणेत सोहागकडं, खलफच्या गावात खुनाचा बदला खुन्यावर घेत नाहीत. खुनी काय, बहुतेक वेळा घरातला सगळ्यात बिनकामाचा, गरम डोक्याचा कोणीतरी असतो. त्याला मारून समोरच्यांचं काय बिघडतं? म्हणून त्या घरातला सगळ्यात चांगला माणूस निवडतात. शिकलेला, समजूतदार, ज्याला पाहून चार माणसं ओट्यावरून उठून उभी राहतात असा. समोरच्या घराचं कंबरडं मोडलं पाहिजे, तरच बदला. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि शवाहीन घराण्यानं खलफचा बाप निवडला. खलफचा थोरला भाऊ शाफी मिसरूड फुटायची वाट बघत बसला, आणि आठ वर्षांनी त्यानंही निवडला. कोण, तर शवाहीनांतला शाळामास्तर! ज्यानं कधी कुणाला छडी मारली नाही, दोन्ही घराण्यांच्या पोरांना ज्यानं अक्षरं गिरवायला शिकवली, शाफीला आणि खलफलाही. शाफीनं त्याला शाळेच्या फाटकात कुऱ्हाडीनं तोडला. पहिला घाव मास्तरनं हजेरीच्या वहीवर झेलला. दुसरा झेलता आला नाही. घरी बायको पोटुशी होती.

शाफी तुरुंगात गेला आणि तिथंच खोकून खोकून मेला. दंदरावींच्या घरात पुरुष उरला एकटा खलफ, सतरा वर्षांचा, जिल्ह्यात पहिला आलेला.

"मी विचार केला, मदाम," तो मला म्हणाला होता, "त्यांना मास्तरच्या तोडीचा माणूस पाहिजे. मग आपण तसं व्हायचंच नाही. यात काय अवघड आहे?"

पुढल्या परीक्षेत तो ठरवून नापास झाला. पाठ वाकवून चालायला लागला. शवाहीनांच्या ओट्यावर म्हातारे हसायचे, "त्या घरात मारण्याजोगं काही राहिलं नाही. खलफवर काडतूस वाया घालवायचं म्हणजे गाढवावर घालवायचं." त्याच्या आईला हे जाता-येता ऐकावं लागायचं. पुढं खलफ कैरोत नोकरीला लागला, तर गावातलं कोणी इकडं आलं की त्यालाही ऐकवायचं. तो खूश व्हायचा! "अठ्ठावीस वर्षं या गाढवपणावर जगलोय मी," असं म्हणून पोट धरून हसायचा. लग्न केलं नाही, कारण मुलगा झाला तर तो चांगला निघायचा. हे सगळं मला शेवटच्या सहा दिवसांत कळलं. तोवर मी त्याला निव्वळ भित्रा समजत होते, आणि तोंडावर तसं म्हणतही होते.

कचेरीत त्याचं वागणं बघून अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. खात्याच्या परीक्षेला तीनदा बसला, तीनदा पडला, आणि माझ्या नकाशातल्या चुका मात्र मी जेवायला गेले की पेन्सिलीनं गुपचूप दुरुस्त करून ठेवायचा. साहेबांकडं पाहुणे आले की चपराशाच्या हातातला ट्रे घेऊन स्वतः चहा द्यायचा. कोपर फाटलेला कोट आठ वर्षं घातला. मी एकदा तो कोट ओढून कात्रीनं उभा फाडला, म्हटलं आता तरी नवा घ्याल! दुसऱ्या दिवशी महाशय तोच कोट टाके घालून हजर. होतं माझ्या मनात त्याच्याविषयी. विधवा बाई, चाळीशी उलटलेली, लपवून आता काय करायचंय?

मग दर्ब अल-गमल स्टेशनचं काम आलं. आमचे मोठे वास्तुकार शौकत बे यांनी आतली रचना काढली. दोन-दोन मीटर रुंदीचे चौकोनी खांब, भिंतीत माणूसभर उंचीचे कोनाडे, प्रत्येक कोनाड्यात एकेक प्राचीन राजाचा पुतळा. शौकत बे कागद पसरून म्हणाले, "बघा, कसं देवळात शिरल्यासारखं वाटेल." सगळ्यांनी वा वा केली. खलफ ट्रे घेऊन उभा होता. ट्रे त्यानं खाली ठेवला, माझ्या टेबलावरचं कर्कटक उचललं, आणि मूठ वळून त्याचं टोक नकाशातल्या एका कोनाड्यात खुपसलं.

"इथं एक माणूस उभा राहतो," तो म्हणाला. दुसऱ्या कोनाड्यात खुपसलं. "इथं दुसरा." मग खांबामागं, मग वळणावर, मग जिन्याखाली. कागदाची चाळण झाली, टोक टेबलाच्या लाकडात रुतायला लागलं, तरी हात थांबेना. "आणि इथं. आणि इथं. अन् या कोपऱ्यात तर दोघं!"

त्या वाकलेल्या माणसाचा मान ताठ केलेला अवतार आम्ही पहिल्यांदा बघत होतो. मग त्यालाच भान आलं, खाली वाकला, ट्रे उचलला. "माफ करा, बे. हात घसरला."

शौकत बे आळशी असतील, पण मूर्ख नव्हते. संध्याकाळी त्याला बोलावून म्हणाले, "तू काढून दाखव. नाव माझं जाईल."

"तेच बरं, बे," खलफ म्हणाला. मला तर त्या दोघांनाही टी-स्क्वेअरनं झोडपावंसं वाटलं.

चौदा महिने त्यानं ते स्टेशन काढलं. खांब बारीक केले, बदामाच्या बीसारखे लंबगोल, आणि चालणाऱ्याकडं त्यांची धार केली, म्हणजे मागं मांजरसुद्धा लपू नये. भिंती सलग गोलाकार, एकही खाच नाही. बोळ जिथं वळतो तिथला कोपरा तिरपा कापला. दिवे वळणाच्या मागच्या अंगाला, खाली बसवले, म्हणजे येणाऱ्या माणसाच्या आधी त्याची सावली यावी. फलाटाच्या मधल्या बाकावर बसलं की दोन्ही टोकं, दोन्ही जिने, सगळं एका नजरेत. मी त्याचे नकाशे गिरवत होते आणि मला उमगलं की आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी अशी जागा काढतोय जिथं बाई मागं वळून न बघता चालेल. मी तसं त्याला म्हटलं. तो लाजला. "मी माझ्यापुरताच विचार केला होता, मदाम," म्हणाला.

ते बांधतानाही रक्त सांडलंच. तिरपा कोपरा कापायचा म्हणजे संगमरवर जास्त फुकट जातो, म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी एका बोळाचा कोपरा सरळ काटकोनात उभा केला. खलफनं बघितलं. बाजूचा घण उचलला आणि नवाकोरा कोपरा फोडायला लागला. दगडाच्या चिपा उडून त्याच्याच गालात घुसत होत्या. मिस्त्री हसनैन धावला, "अरे वेड्या, कुणाच्या बापाचा माल आहे!" चौघांनी मिळून त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवला. एकानं पाणसळ डोक्यात घातली, तीही तुटली. मी ओरडत मधे पडले आणि हसनैनच्या कानाला असा चावा घेतला की अजून तो मला रस्त्यात दिसला की पलीकडून जातो. खलफच्या डोक्याला सहा टाके पडले. टाके घालून घेऊन तो परत भुयारात उतरला, रक्तानं कडक झालेल्या सदऱ्यात, आणि त्या कोपऱ्यासमोर बसून राहिला. हसनैननं शेवटी शिव्या देत देत कोपरा तिरपा कापला.

स्टेशन उघडलं. काय गर्दी, काय कौतुक! बाहेरदेशाचे पाहुणे खांबांवरून हात फिरवत होते. एका पेपरवाल्यानं विचारलं, "ही कल्पना सुचली कशी?" शौकत बेंनी छाती पुढं काढली आणि कमळाच्या देठाविषयी बोलायला लागले. पहाटे नाईलकाठी बसले असताना म्हणे त्यांना दर्शन झालं. खलफ मागं उभा राहून कुणाच्या तरी लहान मुलाची टोपी शोधून देत होता. माझं डोकंच फिरलं.

"देठ कसलं बोडक्याचं!" मी भर गर्दीत ओरडले. "हे सगळं त्या माणसानं केलंय! तो, फाटक्या कोटातला! रेघ न् रेघ त्याची आहे, माझ्याकडं कागद आहेत!" पेपरवाल्याचा हात धरून मी त्याला बाजूला नेलं. नाव सांगितलं. गाव सांगितलं. आईचं नावसुद्धा सांगितलं, अभिमानानं! फोटो काढताना खलफनं तोंड फिरवलं तर मीच त्याची हनुवटी धरून समोर केली. मला वाटलं, भारावलाय.

तिसऱ्या दिवशी फोटोसकट छापून आलं. सोहागच्या पुत्रानं राजधानीला दिलेलं देणं, असं काहीतरी. सकाळी मी पेपर घेऊन कचेरीत शिरले, सगळ्यांसाठी मिठाई घेऊन. खलफ आधीच आला होता. त्यानं दार लावलं आणि माझा गळा धरला. हो, धरला. मिठाईचा डबा पडला. त्याची बोटं माझ्या गळ्यात रुतत होती आणि तो हळू आवाजात म्हणत होता, "काय केलंत? काय केलंत तुम्ही? अठ्ठावीस वर्षं, बाई, अठ्ठावीस वर्षं..." डोळ्यांपुढं अंधारी आली माझ्या. मग त्यानं सोडलं, जमिनीवर बसला, आणि मघाशी तुम्हाला सांगितली ती निवडीची रीत मला सांगितली.

मी ठाण्यात गेले. अंमलदार म्हणाला, काही घडलं की या. पेपरवाल्याकडं गेले, म्हटलं, ते खोटं होतं असं छाप. तो हसला, "शौकत बेंनी धमकावलं ना तुम्हाला?" मी खलफला म्हटलं, पळून जा. तो म्हणाला, "कुठं जाऊ? एकच जागा आहे जिथं मला मागून कोणी गाठू शकत नाही."

आणि तो तिथं जाऊन बसायला लागला. सकाळी पहिल्या गाडीला उतरायचा, मधल्या बाकावर बसायचा, संध्याकाळी माझ्याबरोबर बाहेर पडायचा, माझ्या मेव्हण्याच्या गाडीतून घरी. दुपारी मी डबा घेऊन जायचे. सहा दिवस आम्ही त्या बाकावर जेवलो. खरं सांगू? त्या सहा दिवसांइतकं सुख मला लग्नातही नव्हतं. तो बोलायचा, हसायचा, मधेच डावीकडं-उजवीकडं बघायचा, परत बोलायचा.

सहाव्या दिवशी भर दुपारी डाव्या बोळातून आधी सावली आली, मग माणूस. अठ्ठावीस वर्षांचा असेल. जाकीट घातलेलं, उन्हाळ्यात.

"आला," खलफ म्हणाला. "मास्तरचंच नाक आहे. उठा मदाम, वर जा."

"मी कुठं जाते! बसा गप."

त्याचं नाव शाझली. पुढं कोर्टात त्यानं सांगितलं की दोन दिवस तो त्या स्टेशनात हिंडत होता. आड उभं राहायला हातभर जागा सापडली नाही. शेवटी समोरून चालत यावं लागलं, सबंध फलाट, आमच्या डोळ्यांत बघत. पाच पावलांवर थांबला. जाकिटातून गावठी कट्टा काढला, एका काडतुसाचा. माणसं किंचाळत जिन्याकडं पळाली.

"तूच खलफ दंदरावी? पेपरातला?"

"कसला पेपरातला!" मी उठून मधे उभी राहिले. काय बोलतेय ते माझं मलाच कळत नव्हतं, नुसतं बोलत सुटले. "अरे बाबा, मी थाप मारली रे त्या पेपरवाल्याला! साहेबावर खार होता माझा, म्हणून त्याचं नाव खाली पाडायला चहावाल्याचं नाव सांगितलं. हा चहावाला आहे आमचा! बघ त्याचा कोट! याला खांब काढता आले असते तर असा राहिला असता?"

शाझलीनं खलफकडं बघितलं. आणि खलफ, अल्ला त्याला शांती देवो, खलफ वाकला. अठ्ठावीस वर्षांचा सराव. खांदे पडले, मान गेली आत, ओठ लोंबला.

"हो मालक," तो म्हणाला. "चहा देतो. साहेबांचे बूट पुसतो. इथं दगड वाहिले चार दिवस, एवढंच."

शाझलीचा चेहरा असा झाला की मला वाटलं हा आता रडेल. "माझ्या आईनं अठ्ठावीस वर्षं ईदला नवं कापड घातलं नाही," तो म्हणाला. "पेपर वाचला तेव्हा ती म्हणाली, आला, आपल्या मास्तरच्या तोडीचा आला. आणि हा? हा?" कट्टा त्यानं बाकावर आपटून ठेवला. "याला मारून गावात तोंड दाखवू? हसतील मला!"

आणि त्यानं लाथ घातली. पहिली पोटात. खलफ कोसळला. दुसरी तोंडावर, दात फुटल्याचा आवाज मी ऐकला. "उठ! भाडखाऊ! उठ!" उठला की परत लाथ. बरगड्यांत, पाठीत, कानावर. मी डब्यानं त्याच्या डोक्यात हाणलं, त्यानं मला उलट्या हाताची अशी दिली की मी बाकाला जाऊन आदळले. खलफ एकदाही हात उचलत नव्हता. "बुटाला तोंड लाव!" शाझली म्हणाला. खलफनं लावलं. फुटक्या तोंडानं त्याच्या बुटाचा मुका घेतला. बूट लाल झाला.

शाझली धापा टाकत मागं सरला. थुंकला. "जा," म्हणाला. "जग. गाढवा."

जिंकलो होतो आम्ही! कळतंय का? वाचला होता तो! दात गेले, बरगड्या गेल्या, पण जीव राहिला, आणि आता तर जन्मभरासाठी. मी तिथंच पडल्या पडल्या अल्लाचे आभार मानायला लागले.

शाझली मागं मागं जात होता, जाता जाता पायावरचं रक्त फरशीला पुसत होता. रक्तावरूनच त्याची टाच सरकली. हात हवेत गेले आणि तो उलटा रुळांवर पडला. खालून हाड मोडल्याचा आवाज आला, मग किंकाळी. त्याच क्षणी बोगद्यातून वारा आला. तो वारा आम्हा सगळ्यांना ओळखीचा. गाडी येत होती.

"मरू दे!" मी ओरडले. "खलफ, मरू द्या त्याला! हात लावू नका!"

खलफ सरपटत कडेला पोहोचला होता. पोटावर पडून दोन्ही हात खाली घातले होते. "पाय मोडलाय याचा," तो ओरडला, तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. "मला एकट्याला ओढवत नाही. मदाम, हात द्या!"

कट्टा बाकावर माझ्या हाताशी होता. उचलून रुळांवर फेकला असता तर? लाथेनं उडवला असता तर? मी रोज स्वतःला विचारते. तेव्हा मी फक्त शिव्या देत होते आणि धावत होते.

"सोडा त्याला! सोडा!"

"मास्तरचा पोरगा आहे!" खलफ ओरडला. "हात द्या म्हणतो ना!"

दिला मी हात. शाझलीचं एक मनगट त्यानं धरलं होतं, दुसरं मी धरलं. भोंगा कानांत घुसत होता. आम्ही दोघांनी त्याला वर खेचला, तिघंही एकमेकांच्या अंगावर पडलो, आणि गाडी त्याचा एक बूट घेऊन गेली. किती तरी वेळ चाकं किंचाळत होती. मी शाझलीला खाली दाबून ठेवायला हवं होतं. मी रडत होते, खलफचं तोंड ओढणीनं पुसत होते.

शाझली उठून बसला. मोडका पाय तसाच ओढत खलफकडं बघत राहिला. खूप वेळ नाही, पाणी पिण्याइतका वेळ.

"चहावाला," तो म्हणाला. "चहावाला असतास तर मला खाली सोडलं असतंस."

तोवर त्याचे खांदे सरळ झाले होते, त्याचं त्यालाही कळलं नसावं.

शाझली हातांवर सरकत बाकाशी गेला आणि कट्टा घेतला. डोळ्यांतून पाणी गळत होतं. "माफ कर," तो म्हणाला. "मी काय करू? तूच आहेस."

"मदाम, बाजूला व्हा," खलफ म्हणाला. मी झाले नाही, त्यानं मला ढकललं. त्या ढकलण्यात जेवढा जोर होता तेवढा त्याच्यात उरला असेल असं वाटलं नव्हतं. गोळी छातीत लागली. तो बसलेलाच होता, बसल्या बसल्या मागं कलला. शाझलीनं कट्टा टाकला आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकून पोलीस येईपर्यंत बसून राहिला.

मयत गावी न्यायला मी गेले. दुसरं कोण होतं त्याला? त्याची आई नबविया, सत्तर-पंचाहत्तरीची, हडकुळी, बायकांच्या घोळक्यात चटईवर बसली होती. रडत नव्हती. मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "कसा गेला, सांग. काही गाळू नको."

मी काही गाळलं नाही. लाथा सांगितल्या, बूट सांगितला, रूळ सांगितले. शाझली शेवटी काय बोलला ते सांगितलं. म्हातारीची पाठ सरळ सरळ होत गेली. बायकांकडं वळून म्हणाली, "ऐकलंत? माझा खलफ! गाढव म्हणत होत्यात ना त्याला? ऐकलंत ना, काय म्हणाला मास्तरचा पोरगा?"

मग मला विचारलं, "पेपरात त्याचं नाव कुणी दिलं, बाई?"

"मी दिलं," मी म्हटलं. मी त्यासाठीच गेले होते. बारा तास गाडीत मी ठरवत गेले होते की ही माझं तोंड ओरबाडेल, मला पायातलं काढून मारेल, आणि मी हलणार नाही.

तिनं माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याचा मुका घेतला. "अल्ला तुझे हात हिरवेगार ठेवो," म्हणाली. "तू माझ्या पोराला माणूस करून पाठवलंस. दोन्ही घरांचं फिटलं आता. मी मान वर करून चालेन."

मी हात हिसकावला आणि तिच्या थोबाडीत मारली. सत्तर वर्षांच्या म्हातारीच्या, तिच्या पोराच्या मयताच्या दिवशी. "तो जिवंत होता!" मी किंचाळत होते. "गाढव होता, जिवंत होता! माझ्याबरोबर रोज जेवायला बसत होता!" बायकांनी मला केसांना धरून आडवी पाडली. कोण पाठीत मारत होतं, कोण नखांनी ओरबाडत होतं, आणि मला बरं वाटत होतं.

"सोडा तिला," नबविया ओरडली. गालावर हात ठेवून ती तशीच बसली होती. मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "काय आवडायचं त्याला जेवायला, तिकडं?"

"जुनं चीज," मी जमिनीवरूनच म्हटलं. "आणि कांदा."

तेव्हा कुठं ती रडायला लागली.